हवालदाराची काठी

आमच्या घरी एक काठी आहे. दिसायला साधी, सुमारे तीन फुटांची, शिसवी रंगाची. पण तिला दोन पाय आहेत. वरच्या टोकाला पितळी बिजागरी आहे. पाय मिटले की ती जाडसर एक काठी दिसते आणि उघडले की शाळेतल्या कंपासपेटीतल्या कर्कटकासारखी होते. मधे पितळेची एक पट्टी आहे, तिच्यावर खुणा आहेत. त्या खुणेवर पट्टी अडकवली की दोन टोकांत बरोबर तीस इंचांचे अंतर राहते.

घर कुरुंदवाडचे आणि जाणेयेणे वाडीला, अशी आमच्या कुटुंबाची तीन पिढ्यांची रीत. नृसिंहवाडीला आमच्याकडे कोणी पूर्ण नावाने बोलत नाही. वाडी म्हटले की कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताचा घाट, बासुंदी, पेढे आणि पावसाळ्यात देवळात शिरणारे पाणी, एवढे सगळे त्या दोन अक्षरांत येते. देवळाला शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाने ते बांधून दिले आणि औरवाड-गौरवाड ही गावे देवस्थानाला इनाम दिली, असे वाडीची परंपरा सांगते. लहानपणी आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, आम्हांला बोटाला धरून घाटावर नेत आणि ही गोष्ट सांगत. सांगताना त्यांच्या आवाजात किंचित मालकी असे. जणू आदिलशहा आमच्याच गल्लीतला.

दादा पलटणीत होते. १९१९ साली भरती झाले, बेळगावला रंगरूटांना कवायत शिकवता शिकवता नाईक झाले, पुढे हवालदार झाले आणि १९३७ साली पेन्शन घेऊन घरी आले. येताना जे थोडे सामान आणले त्यात ही काठी होती. सरकारी नव्हे, सरकारी काठी सरकारला परत गेली. ही त्यांनी हौसेने मिरजेच्या एका सतार करणाऱ्याकडून करवून घेतलेली. मिरजेचे सतारीचे कारागीर मूळचे शिकलगार. तलवारी-भाल्यांना धार लावणारी ही मंडळी. लढाया संपल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेबांसारख्यांनी भोपळ्याला तारा लावल्या. त्यांच्या वंशातल्या कुणा हाताने हवालदाराची काठी घडवावी, ही घराण्याची विद्या पुन्हा एकदा मूळ धंद्याकडे वळल्यासारखी वाटते. बिजागरी अजून ढिली झालेली नाही.

लहानपणी आम्ही ती काठी घेऊन एकमेकांना मारायला धावत असू. दादा ओरडत, ‘‘अरे, ये मारने की नै, नापने की लकडी हे!’’ हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले असेल.

पण दर पौर्णिमेला टाकळीचे एक मराठा गृहस्थ दत्तदर्शनाला वाडीला येत. टाकळी म्हणजे आजची सैनिक टाकळी. शिरोळ तालुक्यातल्या या गावात घरटी एकतरी माणूस फौजेत, म्हणून गावाच्या नावालाच सैनिक शब्द चिकटला. आम्ही या गृहस्थांना मोठे आबा म्हणत असू. दर्शन झाले की ते घाटाच्या पायऱ्यांवर दादांपाशी येऊन बसत. दादांपेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान. बेळगावला ते दादांच्या हाताखालचे रंगरूट होते. दादांना ते कायम ‘उस्ताद’ म्हणत. एकदा दादांचे ते ठरलेले वाक्य त्यांच्या कानी पडले. आबा हसले आणि आम्हांला म्हणाले, ‘‘मापायची व्हय? मापली बी आणि हाणली बी. माझ्या पोटऱ्यास्नी इचार.’’ दादा नदीकडे बघत राहिले. आबांनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला, आणि विषय संपला.

आमच्यापुरता तो संपला नाही. ही काठी खरोखर कशासाठी होती, हे शोधायची सवय आम्हांला तेव्हापासून लागली.

काठीचे उपयोग किती, हा प्रश्न तसा फार जुना आहे. सूरह ताहामध्ये अल्लाहतआला हजरत मूसांना विचारतो की तुझ्या उजव्या हातात काय आहे. मूसा सांगतात, ही माझी काठी. मी तिच्यावर टेकतो, तिने बकऱ्यांसाठी पाला झोडतो, आणि तिचे आणखीही उपयोग आहेत. उत्तर एका शब्दात देता आले असते, पण काठीवाल्याला काठीबद्दल बोलायला आवडते. तो आसा आजही काही मशिदींत जुम्म्याच्या खुतब्याला इमामाच्या हाती असतो. वाडीच्या नृसिंह सरस्वतींच्या हाती संन्याशाचा दंड आहे. राजाच्या दरबारात आणि देवाच्या पालखीपुढे चोपदार चालतो. फारसीत चोब म्हणजे काठी, आणि ती धरणारा चोबदार. मराठीतला ‘चोप’ याच चोबेचा धाकटा भाऊ असावा, असे आम्हांला नेहमी वाटते. टेकायची काठी, मानाची काठी आणि चोपाची काठी एकाच शब्दाच्या घरात राहतात.

फौजेचेही तसेच झाले. रोमन फौजेत शंभर जणांवरचा नायक, म्हणजे सेंच्युरियन, द्राक्षवेलीची काठी बाळगी. ती त्याच्या हुद्द्याची खूण, आणि शिपायांच्या पाठीला तिची चांगली ओळख. टॅसिटस या इतिहासकाराने अशा एका ल्युसिलियसची हकीकत नोंदवली आहे. शिपायाच्या पाठीवर एक काठी मोडली की तो दुसरी मागे, मग तिसरी. म्हणून शिपायांनी त्याचे नावच ‘दुसरी आण’ असे पाडले होते. इसवी सन १४ मध्ये पलटणी बिथरल्या तेव्हा त्याला ठार केले गेले.

इंग्रजांच्या फौजेत अठराव्या शतकात सार्जंटच्या हाती हॅलबर्ड असे, म्हणजे लांब दांड्यावर परशू आणि भाल्याचे पाते. त्या दांड्याने तो रांग सरळ करी. आडवा धरला की पुढे आलेला शिपाई मागे जाई. आणि फटक्यांची शिक्षा द्यायची झाली की तीन हॅलबर्ड जमिनीत रोवून, वरची टोके एकत्र बांधून तिकाटणे करीत आणि शिपायाला त्याला बांधीत. एकच हत्यार सकाळी रांग मापी आणि दुपारी माणूस बांधी. १७९२ मध्ये हॅलबर्ड गेला, त्याच्या जागी साधा भाला आला. १८३० मध्ये तोही गेला. सार्जंटच्या खालच्या कॉर्पोरलच्या हाती वेताची छडी असे. हा वेत विलायतेत उगवत नाही. तो मलाया-सुमात्र्याच्या बाजूचा, कंपनीच्या जहाजांतून गेलेला. मलाक्का बंदराच्या नावाने एका जातीच्या छडीला विलायतेत आजही मलाक्का म्हणतात. म्हणजे पूर्वेकडचा वेत गोऱ्या शिपायाच्या पाठीवर पडला आणि कवायतीबरोबर फिरून हिंदुस्थानात आला.

आता मापायची बाजू. दादांचे म्हणणे खोटे नव्हते. दोन पायांच्या या काठीला इंग्रजीत पेस स्टिक म्हणतात. आपण पावलाची काठी म्हणू. तिचा उगम आम्हीच केला, असे ब्रिटिश तोफखाना सांगतो. मैदानात तोफा ओळीने उभ्या करताना दोन तोफांत अंतर नेमके असावे लागे, त्यासाठी तोफखान्याचे लोक खुणा केलेली काठी बाळगीत. पायदळाने ती उचलली आणि पुढे तिला दोन पाय फुटले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या ब्रिटिश कवायतीच्या पुस्तकांत तीन साधने सांगितलेली आढळतात: ढोल, पावलाची काठी आणि ओळंबा. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेली बंदुकीची गोळी. ती झोके घेते, आणि दोरी जितकी आखूड तितका झोका जलद. सुमारे पंचवीस इंचांच्या दोरीवर मिनिटाला ७५ झोके पडतात, तो धिम्या चालीचा ताल. सुमारे बारा इंचांवर १०८ पडतात, तो जलद चालीचा. घड्याळ नसलेल्या हवालदाराला एक गोळी आणि एक सुतळी पुरे. गोळीने वेळ मापायची आणि काठीने जमीन.

पावलाचे माप तीस इंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश पुस्तकांत त्याची पोटमापेही आहेत: लांब पाऊल तेहतीस इंच, आखूड एकवीस, दौडचालीचे चाळीस. काठीच्या पट्टीवर या खुणा असत. हवालदार रंगरूटाच्या बाजूने चाले आणि उघडी काठी बोटांत फिरवी. एक टोक जमिनीला टेकले की ते स्थिर, दुसरे वळून पुढे, मग ते स्थिर आणि पहिले पुढे. काठी जणू स्वतःच चालते. तिच्याबरोबर ज्याचे पाऊल पडले तो सुटला.

हे सगळे हास्यास्पद वाटेल, पण तीस इंचांमागे हिशेब आहे. मिनिटाला १२० पावले म्हणजे ३०० फूट, म्हणजे शंभर यार्ड. आपली पलटण अमुक नाक्यावर किती मिनिटांत पोचेल हे सेनापतीला नकाशावर सांगता येते, ते प्रत्येक शिपायाचे पाऊल सारखे म्हणून. लाइट इन्फंट्रीची चाल आणखी जलद, मिनिटाला १४०. आमच्याकडचा गडी नांगरामागे चालतो तेव्हा त्याचे पाऊल ढेकळे ठरवतात, बैल ठरवतात. कोकणातला पोरगा चढउताराला सरावलेला, त्याचे पाऊल आखूड. या सगळ्यांची पावले एका मापाला आणायची म्हणजे माणसाला मुळापासून पुन्हा चालायला शिकवणे. दादा सांगत, पहिल्या महिन्यात रंगरूट झोपेत पाय हलवतात.

मग हाणण्याचे काय? इथे कागद वेगळे बोलतात आणि पोटऱ्या वेगळ्या.

कागदावर पाहिले तर कंपनीच्या हिंदी शिपायांना फटके मारणे लॉर्ड बेंटिंकने १८३५ साली बंद केले. गोऱ्या शिपायांना मात्र फटके चालू होते, आणि ही विसंगती गोऱ्या अधिकाऱ्यांना बोचली. दहा वर्षांनी, १८४५ मध्ये, हिंदी शिपायांची शिक्षा परत आणली गेली. गोऱ्या शिपायांचे फटके १८८१ साली कायमचे बंद झाले. हिंदी शिपायांचे बंद व्हायला १९२० उजाडले. मधल्या एकोणचाळीस वर्षांत पहिले महायुद्ध येऊन गेले. ज्या फौजेत गोऱ्याला फटका मारता येत नव्हता त्याच फौजेत, त्याच मोर्चावर, आमच्या माणसाला मारता येत होता. दादा भरती झाले त्याच्या पुढच्या वर्षी ही शिक्षा गेली, हे आम्हांला कळले तेव्हा अंगावर काटा आला. ते पलटणीत शिरले तेव्हा ती अजून जिवंत होती.

पण ती झाली कोर्टाने फर्मावलेली, मोजून द्यायची शिक्षा. मैदानावर काठीचे टोक पोटरीला ‘लागते’, त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. १८८१ च्या ब्रिटिश लष्करी कायद्यात शिपायाला मारणारा अधिकारी किंवा सार्जंट गुन्हेगार धरला आहे. कायदा होता म्हणजे मार होता, एवढेच त्यातून कळते. शिवाय आमच्याकडे तक्रार करायची कोणाकडे? कवायत शिकवणारा हवालदार, त्याच्यावर जमादार, त्याच्यावर सुभेदार. सगळे आपलेच, बहुधा शेजारच्या तालुक्यातले. गोरा साहेब लांबून बघणार. मार मापात राहिला पाहिजे आणि मारणारा हात काळा असला पाहिजे, या व्यवस्थेत दादा अठरा वर्षे वावरले. ते कधी मारत नव्हते, असे नातू म्हणून म्हणावेसे वाटते. आबांच्या पोटऱ्या तसे म्हणू देत नाहीत.

या हुद्द्यांची नावे आपण ऐकली आहेत, पण त्यांच्याकडे कधी नीट पाहत नाही. हवाला अरबी, दार फारसी: ज्याच्या हवाली काही केले तो हवालदार. शिवाजी महाराजांच्या राज्यात गड हवालदाराच्या हवाली असे, घोडदळात पंचवीस बारगिरांवर हवालदार असे. सुभेदार आणि जमादार याच घरातले. नाईक तेवढा संस्कृतातला. कंपनीने मुंबईच्या फौजेत ही नावे उचलली आणि शिखरावरचा हवालदार खाली आणून सार्जंटच्या जागी बसवला. गडाच्या किल्ल्या गेल्या आणि हाती काठी आली.

शिकवणाऱ्याला मात्र उस्तादच म्हणत राहिले, आणि स्वतंत्र भारताच्या फौजेतही म्हणतात. डेहराडूनला जनरल होणारा पोरगाही आधी कवायतीच्या उस्तादाच्या काठीबरोबर पाऊल टाकायला शिकतो. तबलजी, पहिलवान आणि हवालदार यांना एकच शब्द असावा, हे आम्हांला फार योग्य वाटते.

आता जे सांगायचे त्यासाठीच खरे तर हा लेख. दादा ज्या पलटणीत होते तिच्या नावात ‘मराठा’ आहे. आमच्या आडनावाचा माणूस मराठा पलटणीत कसा, असे आम्हांला कितीतरी जणांनी विचारले आहे. त्यांत आपलेही लोक आहेत. उत्तर सोपे आहे. १७६८ साली उभी राहिलेली ‘जंगी पलटण’ आणि तिच्या बहिणी मुंबईच्या फौजेतल्या. पहिल्या महायुद्धाआधीच्या वर्षांत या मराठा पलटणींत आठ कंपन्या असत, आणि त्यांपैकी बहुधा सहा दख्खनी-कोकणी मराठ्यांच्या आणि दोन दख्खनी मुसलमानांच्या. सरकारी कागदांत ‘दख्खनी मुसलमान’ असाच शब्द आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, विजापूर, सोलापूर या मुलखातली, घरात दख्खनी आणि बाजारात मराठी बोलणारी ही माणसे. १९२२ मध्ये सहा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि तिचे शिक्षणाचे ठाणे बेळगावला आले. ते आजही तिथेच आहे.

१९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियातल्या कुत येथे तुर्कांनी इंग्रजी फौज कोंडली तेव्हा आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस वेढा चालला. दाणा संपला, घोडे कापायची वेळ आली, हिंदू-मुसलमान दोघांनीही घोड्याचे मांस नाकारले, तेव्हा हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानग्या तारेने मागवाव्या लागल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. त्या उपाशी रांगेत टाकळीकडचा मराठा आणि मिरजेकडचा मुसलमान एकाच मापाच्या पावलांनी चालले असतील. समोरचा शत्रू खलिफाचा शिपाई. आपल्या माणसांच्या मनात तेव्हा काय चालले असेल, हे आम्ही अजून कुठल्या मराठी कादंबरीत वाचलेले नाही. कोणीतरी लिहावी.

काठीचा एक उपयोग राहिला, आणि तो दादांच्या सर्वांत आवडीचा. संध्याकाळी गार्ड चढवताना जितके शिपाई लागत त्यापेक्षा एक जास्त उभा करीत. अधिकारी रांगेतून फिरे. ज्याचे बूट, पट्टे, बटणे सर्वांत लखलखीत, त्याला बाहेर काढी. त्याची बंदूक ठेवून घेत आणि हातात छडी देत. तो ‘स्टिक ऑर्डर्ली’. त्याला रात्रीचा पहारा माफ. दुसऱ्या दिवशी साहेबाच्या कचेरीबाहेर छडी घेऊन उभे राहायचे, चिठ्ठ्या पोचवायच्या, बस. एका छडीत रात्रभराची झोप होती. त्या झोपेसाठी पोरे दुपारपासून बटणे घासत. कडक इस्त्रीला घडी पडू नये म्हणून सोबती एखाद्याला उचलून परेडच्या मैदानावर नेऊन ठेवीत, असे दादा सांगत आणि स्वतः हसून लोळत. गोऱ्या शिपायांत बाहेर फिरायला जाताना बगलेत छोटी छडी मारण्याची रीत होती, तिच्या टोकाला पलटणीचे चिन्ह असलेली चांदीची टोपी. हात खिशात जाऊ नयेत, हा तिचा मुख्य उपयोग. बाकी ऐट. दुसऱ्या महायुद्धाबरोबर ती रीत विरली.

दादांची दोन पायांची काठी मात्र विरली नाही. १९२८ साली सँडहर्स्टच्या सैनिकी विद्यालयात आर्थर ब्रँड या सार्जंट-मेजरने तिची स्वतंत्र कवायत बसवली, आणि तिथे आजही ती जिवंत आहे. आपल्याकडे भारतीय नौदलाने जुलै २०२३ मध्ये हुद्द्याची छडी घेऊन फिरणे बंद केले. गुलामीच्या काळातली खूण म्हणून. निर्णय वाजवी आहे. ती ऐटीची काठी होती, तिचे काम कधीच संपले होते. उस्तादाच्या काठीला तोच न्याय लावायला आमचे मन घेत नाही, यात नातवाचा पक्षपात किती आणि विचार किती, हे वाचकांनी ठरवावे.

पेन्शनीत आल्यावर दादांनी नदीकाठची थोडी जमीन खंडाने धरली आणि वांगी लावली. कृष्णाकाठच्या वांग्यांचे कौतुक आम्ही सांगायला नको. लावणीच्या वेळी दादा ही काठी घेऊन वाफ्यात उतरत. एक टोक जमिनीत, दुसरे फिरवून पुढे, आणि प्रत्येक टोकाला एक रोप. आमची वांगी तीस इंचांवर उभी असत. लांबून पाहिले तर कंपनी परेडला उभी आहे असे वाटे. मोठे आबा बांधावर बसून ‘‘उस्ताद, ते तिसरं वांगं पुढं आलंय,’’ म्हणून चिडवीत. दादा खरोखर वाकून बघत.

दादा १९७४ साली अल्लाहला प्यारे झाले. आबा मयतीला टाकळीहून चालत आले होते. दफन झाल्यावर त्यांनी ती काठी मागून घेतली, उघडली, मिटली, बगलेत धरून क्षणभर ताठ उभे राहिले आणि परत आमच्या हाती दिली. पोटऱ्यांचे नाव काढले नाही.

२००५ च्या पुरात घरात पाणी आले तेव्हा पेट्या भिजल्या. दादांच्या डिस्चार्जच्या पुस्तकाची शाई उतरली. नाव आणि पलटणीचा नंबर वाचता येतो, बाकी निळा डाग. काठी माळ्यावर होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्याहून वर आले. आम्ही आठ दिवस बाहेर होतो. परतलो तेव्हा घरभर गाळ आणि भिंतीवर सरळ रेषेत पाण्याची खूण. काठी पाण्यावर तरंगत स्वयंपाकघरात गेली होती आणि चुलीच्या कट्ट्यामागे अडकली होती. धुऊन पुसली, बिजागरीला तेल सोडले, उघडली. पंचनाम्याला आलेल्या मुलाने भिंतीवरच्या खुणेची उंची विचारली. त्याच्याकडची टेप चिखलाने अडकली होती. आम्ही काठी तीस इंचांवर लावली आणि जमिनीपासून भिंतीवर फिरवत नेली. दोन पावले आणि वर अकरा इंच. त्याने ते लिहून घेतले.